विरहानंतरचे एकटेपण आणि पुरस्काराची एकच खुर्ची

नवी दिल्ली : ७१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची घोषणा १ ऑगस्ट २०२५ रोजी झाली आणि दरवर्षीप्रमाणे मतमतांतरांचा पाऊस सुरू झाला. शाहरुख खान आणि विक्रांत मेस्सी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार विभागून मिळाला, त्याची चर्चा अर्थातच सर्वाधिक झाली. परंतु त्या गदारोळात सर्वांत मूलभूत प्रश्न विचारला तो मल्याळम अभिनेत्री उर्वशी यांनी. 'उळ्ळोळुक्कु' या चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार जाहीर झाला होता. एखादी भूमिका मुख्य की सहाय्यक, हे परीक्षक नेमके कोणत्या निकषावर ठरवतात, असे त्यांनी जाहीरपणे विचारले.

पुराच्या पाण्याने वेढलेले एक घर, दफनाची वाट पाहत असलेला मुलाचा मृतदेह आणि त्या घरात अडकलेल्या सासू व सून, असे या चित्रपटाचे कथानक आहे. दोघीही एकाकी आहेत. मात्र दोघींच्या एकाकीपणाची कारणे वेगळी आहेत आणि ती एकमेकींना सांगण्याजोगी नाहीत. यांतील कोणती बाई मुख्य आणि कोणती सहाय्यक, हे सांगणे खरोखरच कठीण आहे.

उर्वशी यांचा प्रश्न एका चित्रपटापुरता नाही. नाते तुटल्यानंतरच्या एकटेपणावर बेतलेल्या चित्रपटांच्या बाबतीत तो भारतात किमान सात दशके वारंवार उभा राहिला आहे. नाते तुटते तेव्हा मागे किमान दोन माणसे उरतात, पुष्कळदा तीन. पुरस्काराच्या मंचावर मात्र सहसा एकच खुर्ची असते. ती कोणाला द्यायची, हा निर्णय वरवर अभिनयाच्या गुणवत्तेचा असला, तरी कोणाचे दुःख 'मुख्य' मानायचे याचाही निवाडा त्यात नकळत होत असतो. पुरस्कारांवरून होणारे वाद इतके जिव्हारी का लागतात, याचे एक कारण येथे सापडते.

चंद्रमुखीचा नकार

या वादाचे सर्वांत जुने आणि सर्वांत ठळक उदाहरण 'देवदास'चे आहे. बिमल रॉय यांच्या चित्रपटात दिलीपकुमार यांनी देवदास, सुचित्रा सेन यांनी पारो आणि वैजयंतीमाला यांनी चंद्रमुखी साकारली. फिल्मफेअरने वैजयंतीमाला यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार जाहीर केला आणि त्यांनी तो नाकारला. आपली भूमिका सुचित्रा सेन यांच्या भूमिकेच्या बरोबरीची आहे, ती दुय्यम नाही, ही त्यांची भूमिका होती. फिल्मफेअर नाकारण्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते.

प्रश्न केवळ मानापमानाचा असता तर तो एव्हाना विस्मरणात गेला असता. शरदचंद्र चट्टोपाध्याय यांच्या कथेत पारोचा वियोग समाजाला दिसतो. ती बालपणीची सखी आहे, तिचे लग्न अन्यत्र लावले जाते, तिच्या अश्रूंना अर्थ आहे. चंद्रमुखीला देवदास कधी मिळालाच नाही. मग तिने गमावले काय, असा हिशेब मांडला जातो. वैजयंतीमाला यांनी नकळत या हिशेबालाच हरकत घेतली होती. २००२ मध्ये संजय लीला भन्साळी यांचा 'देवदास' आला. पुढील वर्षीच्या फिल्मफेअर सोहळ्यात पारो झालेल्या ऐश्वर्या राय सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या आणि चंद्रमुखी झालेल्या माधुरी दीक्षित सहाय्यक. जवळपास अर्धशतक लोटले, पण रकाने तेच राहिले.

पोळलेल्या हाताची उपमा

मानसशास्त्र या एकटेपणाविषयी काय सांगते, हे येथे पाहणे उपयुक्त ठरते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकाकीपणाचे दोन प्रकार वेगळे केले. एक भावनिक : ज्याच्यापाशी मन मोकळे करावे असे एकच माणूस नसणे. दुसरा सामाजिक : मित्र, आप्त, शेजारी यांचे जाळे नसणे. वाइस यांचे महत्त्वाचे निरीक्षण असे, की एक प्रकार दुसऱ्याने भरून निघत नाही. गर्दीच्या घरात परतलेली मुलगी रात्री एकटीच का असते, हे त्यातून उमगते. नाते तुटल्यावर पहिला एकाकीपणा तत्काळ येतो, तर दुसरा हळूहळू पावले टाकीत येतो. सामाईक मित्र वाटले जातात, सणावाराची आमंत्रणे येईनाशी होतात, दोघांच्या सवयीचे हॉटेल टाळले जाते.

मराठीत विरहाने 'चटका लागतो' असे म्हणतात. २०११ मध्ये ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाने जणू हा वाक्प्रचारच तपासून पाहिला. इच्छेविरुद्ध नाते तुटलेल्या ४० जणांना आधीच्या जोडीदाराचे छायाचित्र दाखवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन करण्यात आले. तसेच त्यांच्या हाताला सोसवेल इतका उष्ण चटका देऊनही. दोन्ही वेळी मेंदूतील काही समान भाग उद्दीपित झालेले आढळले. २०१४ मध्ये अधिक सूक्ष्म विश्लेषणातून असे दिसले, की भाग समान असले तरी त्यांतील हालचालींचे आकृतिबंध भिन्न असतात. म्हणजे दोन्ही वेदना एकच आहेत, असे म्हणता येत नाही. तरीही नकाराचे दुःख हा केवळ मनाचा खेळ आहे, असे म्हणणे या संशोधनांनंतर अवघड झाले आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची संकल्पना मात्र केनेथ डोका यांची आहे. १९८९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी समाज ज्याला दुःख म्हणून मान्यताच देत नाही, अशा दुःखाचा विचार केला. ज्याचा उघड शोक करता येत नाही, ज्यासाठी कोणी सांत्वनाला येत नाही आणि ज्यासाठी रजा मागता येत नाही, असे हे दुःख. विवाहाबाहेरचे नाते, जगाला ठाऊक नसलेले नाते किंवा जगाने मोजलेच नाही असे नाते संपले, की ते वाट्याला येते.

मराठी भाषाही येथे काही सांगून जाते. काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी, घटस्फोट हे शब्द आपल्याकडे आहेत. परित्यक्ता आहे, घटस्फोटिता आहे. हे सारे शब्द विवाहाभोवतीचे आहेत. लग्नाआधी नाते तुटलेल्या तरुणाला किंवा तरुणीला मराठीत स्वतंत्र नाव नाही, म्हणून 'ब्रेकअप' हा शब्द आपण उसना घेतला. विवाहित पुरुषाच्या आयुष्यात आलेल्या आणि मग एकट्या पडलेल्या स्त्रीसाठी जे शब्द प्रचलित आहेत, त्यांतील बहुतेक शिव्यांच्या जातीचे आहेत.

'अर्थ' : दोन बायका, एक पुरस्कार

या पार्श्वभूमीवर महेश भट्ट यांचा १९८२ मधील 'अर्थ' पाहिला, तर त्याविषयीचा चाळीस वर्षांहून अधिक काळ चाललेला वाद समजू लागतो. अनाथ म्हणून वाढलेल्या पूजाला (शबाना आझमी) स्वतःच्या घराची ओढ आहे. घर मिळते आणि त्याच सुमारास पती इंदर (कुलभूषण खरबंदा) तिला सोडून अभिनेत्री कविताकडे (स्मिता पाटील) निघून जातो. पूजा नोकरदार महिलांच्या वसतिगृहात राहू लागते. इकडे कविताला जे हवे होते ते मिळाले आहे, परंतु अपराधभाव आणि असुरक्षितता यांनी तिचे मन उसवत जाते. अखेर तीही इंदरला सोडते. इंदर परत येतो तेव्हा पूजा त्याला विचारते, की हेच मी केले असते तर तू मला स्वीकारले असतेस काय? तो नाही म्हणतो आणि तिचे उत्तर ठरते. एका गायकाने देऊ केलेले प्रेमही ती नम्रपणे नाकारते.

हिंदी चित्रपटात परित्यक्ता पत्नीने पतीची वाट न पाहणे आणि नवा आधारही न शोधणे, हे त्या काळी अपूर्व होते. पूजासाठी शबाना आझमी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, फिल्मफेअरही मिळाला. त्यांच्या निवडीवर आक्षेप घेणारे विरळच. वाद वेगळा आहे. चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात पूजापेक्षा कविता घर करून राहते आणि मग प्रश्न येतो : स्मिता पाटील यांना काय मिळाले?

राष्ट्रीय पुरस्कारांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर अभिरुचीत नसून नियमांत आहे. अभिनयासाठी राष्ट्रीय पुरस्कार देण्यास १९६७ च्या चित्रपटांपासून प्रारंभ झाला. उत्तमकुमार आणि नर्गिस हे पहिले मानकरी. सहाय्यक भूमिकांसाठीचा विभाग मात्र १९८४ च्या चित्रपटांपासून सुरू झाला. म्हणजे 'अर्थ' परीक्षकांपुढे आला तेव्हा कवितासाठी रकानाच उपलब्ध नव्हता. एक तर तिला मुख्य मानून पुरस्कार विभागून द्यायचा, नाही तर काहीच नाही, एवढेच पर्याय होते. परीक्षकांच्या बंद खोलीत काय बोलणे झाले हे बाहेर येत नसते. परंतु स्मिता पाटील यांना डावलले असे म्हणणाऱ्यांनी आणि त्या त्यास पात्र नव्हत्या असे म्हणणाऱ्यांनीही ही वस्तुस्थिती ध्यानात घ्यायला हवी.

फिल्मफेअरमध्ये सहाय्यक विभाग होता. तेथे 'अर्थ'साठी तो पुरस्कार मिळाला रोहिणी हट्टंगडी यांना. पूजाच्या घरी काम करणारी, मद्यपी नवऱ्याने लेकीच्या शाळेसाठी साठवलेले पैसे पळवल्यावर त्याचा जीव घेणारी बाई त्यांनी उभी केली होती. त्या निवडीबद्दल तक्रार करावी असे काही नाही. पण पाहा : सोडलेल्या पत्नीचे दुःख सन्मानित झाले, छळलेल्या पत्नीचेही झाले, आणि पत्नी नसलेली तिसरी बाई रित्या हाताने राहिली. पुढे १९८४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कारांत सहाय्यक अभिनेत्रीचा विभाग उघडला तेव्हाही पहिली मानकरी रोहिणी हट्टंगडीच ठरल्या. चित्रपट होता गोविंद निहलानी यांचा, महेश एलकुंचवार यांच्या नाटकावर आधारित 'पार्टी'.

शबाना आझमी यांना पुढच्याच वर्षी मृणाल सेन यांच्या 'खंडहर'साठी पुन्हा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पडक्या वाड्यात, लग्नाचे वचन देऊन न परतलेल्या माणसाची वाट पाहणाऱ्या आईला सांभाळत दिवस काढणारी मुलगी ही तिथली नायिका. पुन्हा वचन, पुन्हा प्रतीक्षा. पुन्हा असे दुःख ज्याला समाज ओळखतो.

एकटे राहणे निवडणारी

स्मिता पाटील यांना एकाकी स्त्रीसाठी पुरस्कार मिळालाच नाही, असे मात्र नाही. १९७७ मधील श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता आणि त्या चित्रपटाच्या पटकथेलाही. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर तो आधारलेला आहे, हे मराठी वाचकांना नव्याने सांगायला नको. नायिका उषा एकामागून एक पुरुषांपासून दूर होते आणि शेवटी हॉटेलच्या खोलीत एकटीच असते. तिला कोणी टाकलेले नाही. प्रत्येक वेळी उंबरठा तिनेच ओलांडला आहे. सोडून जाणाराही एकटा पडतो, ही गोष्ट हिंदी चित्रपटाने इतक्या स्वच्छपणे क्वचितच सांगितली असेल. जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'मध्ये स्मिता पाटील यांनीच ती मराठीत सांगितली. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

'इजाज़त'चे उदाहरण तर आणखी चमत्कारिक आहे. सुबोध घोष यांच्या बंगाली कथेवरून गुलज़ार यांनी १९८७ मध्ये केलेल्या या चित्रपटात विभक्त झालेले पती-पत्नी रेल्वे स्थानकाच्या प्रतीक्षालयात भेटतात. रेखा आणि नसीरुद्दीन शाह यांच्या त्या भेटीवर सारा चित्रपट उभा आहे. पण त्यातले सर्वांत प्रसिद्ध गाणे तिसरीचे, मायाचे आहे. नाते संपल्यावर प्रियकराकडे राहून गेलेल्या आपल्या वस्तू ती परत मागते आणि त्या वस्तू म्हणजे पावसाळे, रात्री, आठवणी आहेत. यमकाला आणि ठेक्याला दाद न देणारी ती रचना राहुलदेव बर्मन यांनी चालीत बसवली. त्यासाठी गुलज़ार यांना सर्वोत्कृष्ट गीतकाराचा आणि आशा भोसले यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे मान्यता नसलेल्या दुःखाला राष्ट्रीय चित्रपट सन्मान मिळाला खरा, पण तो चेहऱ्याला नव्हे, आवाजाला आणि शब्दांना. पडद्यावर माया झालेल्या अनुराधा पटेल यांचे नाव त्या यादीत नाही.

ऑस्करही याला अपवाद नाही. १९७९ च्या 'क्रेमर व्हर्सेस क्रेमर'मध्ये पत्नी घर आणि लहान मुलगा सोडून जाते व पुढे मुलाच्या ताब्यासाठी परत येते. मागे राहिलेल्या पतीच्या भूमिकेसाठी डस्टिन हॉफमन सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले. सोडून गेलेल्या पत्नीच्या भूमिकेसाठी मेरिल स्ट्रीप सहाय्यक अभिनेत्री. त्याही पुढची गंमत २०२० ची. घटस्फोट घेणाऱ्या जोडप्याच्या 'मॅरेज स्टोरी'साठी अॅडम ड्रायव्हर आणि स्कार्लेट जोहान्सन या दोघांनाही नामांकन मिळाले, पुरस्कार कोणालाच नाही. ऑस्कर घेऊन गेल्या त्या लॉरा डर्न, पत्नीच्या वकील झालेल्या. न्यायालयातही बहुधा असेच होत असावे.

खोलीत नेमके काय ठरते

राष्ट्रीय पुरस्कारांसाठी त्या त्या वर्षी सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळालेले चित्रपट पात्र असतात. २०२४ मध्ये प्रदर्शित झालेला 'उळ्ळोळुक्कु' २०२३ च्या पुरस्कारांत दिसला तो यामुळे. आधी प्रादेशिक समित्या चित्रपट पाहून निवड करतात, नंतर केंद्रीय परीक्षक मंडळ अंतिम निर्णय घेते. ७१ व्या पुरस्कारांच्या वेळी त्याचे अध्यक्ष आशुतोष गोवारीकर होते. थोडक्यात, हा निर्णय चर्चेतून होतो. ऑस्करमध्ये तो मतदानातून होतो, आणि एखाद्या भूमिकेचे नामांकन मुख्य विभागात करायचे की सहाय्यक, हेही मतदार असलेले कलावंतच आपल्या मतपत्रिकेवर ठरवतात. निर्माते प्रचारातून त्यांचे मन वळवू पाहतात, हा भाग वेगळा.

चर्चेच्या पद्धतीचा एक फायदा असा, की तिथे खुर्च्या वाढवता येतात. ७० व्या पुरस्कारांत नित्या मेनन आणि मानसी पारेख यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार विभागून मिळाला. ७१ व्या वेळी अभिनेत्यांच्या बाबतीत तेच झाले, आणि उर्वशी यांचा सहाय्यक पुरस्कारही जानकी बोडीवाला यांच्यासह विभागलेलाच होता. परंतु हे सारे वेगवेगळ्या चित्रपटांतील कलावंत होते. एकाच तुटलेल्या नात्याच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या दोघींना मुख्य अभिनयाचा सन्मान मिळून दिला गेला, असे 'अर्थ'च्या वेळी तर झाले नाहीच.

प्रेक्षक कोणत्या बाजूला

परीक्षकांइतकाच प्रेक्षकही यात गुंतलेला असतो. नुकतेच नाते तुटलेल्या माणसाने 'अर्थ' पाहिला, तर तो कोणाच्या बाजूने बोलेल हे पुष्कळदा त्याच्यावर काय ओढवले आहे त्यावर ठरते. ज्याला सोडले गेले त्याला पूजाचे मौन आपले वाटते. ज्याने सोडले त्याला कविताची तगमग. मग 'शबानाला मिळाले ते योग्यच' किंवा 'स्मितावर अन्याय झाला' ही मते अभिनयाविषयीची राहत नाहीत. मध्यरात्री एकटेपणी लिहिलेल्या अशा मतांमध्ये जो आवेश असतो, तो चित्रपटाच्या गुणदोषांच्या मानाने अनेकदा फार मोठा असतो. आपल्या दुःखाबद्दल बोलण्याची सोय नसलेला माणूस दुसऱ्याच्या पुरस्काराबद्दल बोलतो. यात हसण्यासारखे काही नाही. उलट संवाद सुरू करण्याची ती एक सभ्य वाट आहे.

विकास बहल यांच्या 'क्वीन'ने २०१४ मध्ये जो प्रतिसाद मिळवला, त्यामागे हेही एक कारण असावे. लग्न एका दिवसावर आलेले असताना वराने नकार दिलेली दिल्लीची राणी ठरलेल्या मधुचंद्राला एकटीच पॅरिस आणि अॅम्स्टरडॅमला जाते. ती पत्नी झालेली नाही, परित्यक्ताही नाही. भाषेत जिला नाव नाही अशी ती मुलगी. कंगना रनौट यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि चित्रपटाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा. राणीला नवा जोडीदार न देता चित्रपट संपवण्यात आला, तरी कोणी तक्रार केली नाही. 'अर्थ'च्या वेळी पूजाने गायकाला नाकारणे ज्यांना पटले नव्हते, त्यांच्या पुढची ही पिढी होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा व्यक्तींपैकी एकाला एकाकीपणा ग्रासतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. अशा गणनेत पूजा आणि कविता यांची मोजणी सारखीच होते. भारतात केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते. फोन करणाऱ्याला सोडले गेले की त्याने सोडले, हे तिथे आधी सांगावे लागत नाही.